पायाला फोड आलाय, बारा दिवसांनी दहा किलोमीटर आहे, फोडू का?

तळ्याकाठची (धागाकर्ती), मंगळवार रात्री १०.४८

नमस्कार मंडळी. ठाण्यात वसंत विहारला राहते, वय ४४. एप्रिलपासून सकाळी उपवनला जाते, आधी नुसती चालायचे, मग दोन मिनिटं पळ तीन मिनिटं चाल असं करत करत आता सलग सात किलोमीटर जमतं. (शाळेत पीटीच्या तासाला पोटात दुखतंय सांगून वर्गात बसणारी बाई आहे मी, त्यामुळे हे लिहिताना मलाच खोटं वाटतंय.) ऑफिसमधल्या पोरींच्या नादाने पाम बीच रोडवरच्या दहा किलोमीटरला नाव घातलंय, येत्या नाही त्याच्या पुढच्या रविवारी.

आणि परवापासून उजव्या पायाला फोड. तळव्याची कमान असते ना, तिच्या आतल्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढा, मस्त पाणी धरलंय. टाच टेकून चालले तर चालता येतं पण मग कंबर बोलायला लागते. आई म्हणते अजिबात फोडू नकोस, नवरा म्हणतो सुई घाल आणि मोकळी हो, शेजारच्या काकूंनी मेंदी वाटीत कालवून पाठवलीय.

फोडायचा का? आणि बारा दिवस घरी बसले तर पाच महिन्यांची मेहनत जाईल का? बूट जुनेच आहेत, एप्रिलपासूनचे, कधी चावले नाहीत, म्हणून तर कोडं पडलंय.

---

पावशेर_चिवडा, रात्री १०.५५

शीर्षकात 'फोड' वाचून लोणच्याचा धागा समजून आलो होतो. आलोच आहे तर बसतो.

---

घाटवाट_चुकलेला, रात्री ११.१०

फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यात भारी पट्टी, तीही फुकट. मी माहुलीला नवे कोरे बूट घालून गेलो होतो, चढताना काही नाही, उतरताना बोटं पुढे आपटून दोन्ही अंगठ्यांना फोड, खाली येईपर्यंत एक फुटलाही. आसनगाव स्टेशनपर्यंत बूट हातात घेऊन आलो, रिक्षावाला म्हणाला काय साहेब नवस का. फुटलेला होता तो तीन आठवडे छळत राहिला, न फुटलेला कधी जिरला कळलंसुद्धा नाही.

---

माऊली_खारघर, रात्री ११.३२

ताई, घाटवाट म्हणतात ते ट्रेकला ठीक. दुसऱ्या दिवशी परत चालायचंच असेल तर काय?

मी तीनदा वारी केलीय, आळंदी ते पंढरपूर. पुण्याहून सासवडच्या दिवशी दिवे घाट चढून मुक्कामाला पोचलं की निम्म्या दिंडीच्या पायांना फोड असतात. आमच्यातल्या म्हाताऱ्या मावशी काय करतात, सुईत पांढरा सुती दोरा ओवतात, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढतात आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापतात. रात्रभर पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, फोड परत भरत नाही, सकाळी कातडी बसलेली. मावशी सत्तरीच्या, त्यांच्या पुढे कोणी जाऊन दाखवावं.

---

पावशेर_चिवडा, रात्री ११.३५

म्हणजे फोडावरच्या धाग्यात फोडातला धागा.

---

उगाच_पळणारा, बुधवार सकाळी ६.०५

@माऊली, दोरा माझ्या आजोळीही बघितलाय, पण आता करू नका बुवा. पाणी बाहेर यायला जी वाट केली त्याच वाटेने घाण आत जाते, आणि सुती दोरा म्हणजे वातच की. बाकी डॉक्टर लोक सांगतील.

ताई, पाच महिन्यांची मेहनत चार-पाच दिवसांत कुठे जात नाही. मी दरवर्षी जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन पळतो, आधीचा आठवडा तर आम्ही मुद्दाम कमीच पळतो. घरात जुनी सायकल असेल तर तिच्यावर बसा, चवड्याने पॅडल मारलं की कमानीला काही लागत नाही. सूर्यनमस्कार घाला. पोहायला मात्र फोड बंद असेल तरच, आणि उघडा असेल तर सोसायटीच्या पूलवर इतरांवरही दया करा.

---

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री, सकाळी ९.२०

घाबरवायचं नाहीये, पण १९२४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, कूलिजचा, सोळा वर्षांचा मुलगा पायाच्या फोडाने गेला. व्हाइट हाउसच्या कोर्टवर मोजे न घालता टेनिस खेळला, बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात गेले आणि आठवडाभरात खेळ खलास. पेनिसिलिनचा शोधच १९२८चा.

---

तळ्याकाठची, सकाळी ९.४१

@मिसळ घाबरवायचं नाहीये म्हणून सुरुवात केलीत आणि थेट व्हाइट हाउस?? माझं ऑफिस आहे हो दिवसभर.

---

दवाखाना_सुट्टीवर, दुपारी २.१५

ऐरोलीत जीपी आहे, दुपारी पेशंट नसतात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फोड होतो कसा ते बघा, म्हणजे निम्मे उपाय आपले आपण सुचतील. आपल्याला वाटतं कातडी घासून फोड येतो. घासून होतं ते सोलवटणं. फोडाचं वेगळं आहे. पाऊल टाकलं की आतलं हाड पुढे सरकतं आणि वरची कातडी मोज्याला, मोजा बुटाला चिकटून तिथेच राहतो. मधल्या थरांना प्रत्येक पावलाला ओढ बसते, हजारो पावलांनंतर वरच्या कातडीच्या पोटातलाच एक थर फाटतो आणि त्या फटीत पाणी भरतं. पूर्ण कोरडी कातडी घसरते, चिंब भिजलेलीही बऱ्यापैकी घसरते, दमट कातडी सगळ्यात जास्त चिकटते. दमट म्हणजे आपलं जून ते सप्टेंबरचं हवामान.

आता फोडायचा का. लहान असेल, दुखत नसेल तर हात लावू नका, पाणी शरीर परत शोषून घेतं आणि साधारण पाच दिवसांत खाली नवी कातडी धरते. तुमचा मोठा आहे आणि पाय टाकायच्या जागी आहे, चालताना कधीतरी घाणेरड्या मोज्यात फुटणारच, त्यापेक्षा स्वच्छ हातांनी पाणी काढलेलं बरं. पण सुई गॅसवर लाल करून काजळीसकट घालू नका. मेडिकलमधून सीलबंद इंजेक्शनची सुई आणा. हात आणि पाय साबणाने धुवा, फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं पाडा, स्वच्छ कापसाने हलकेच दाबा. वरची कातडी कापायची नाही, सोलायची नाही, तिला तशीच बसू द्या. वर व्हॅसलिनचा पातळ हात, न चिकटणारा गॉझ, मग चिकटपट्टी. रोज उघडून बघा. परत भरला तर परत काढा. मेंदी, हळद, टूथपेस्ट यातलं काहीही उघड्या जागेवर नको, काकूंना सांगा हाताला लावली.

रक्ताचा फोड असेल तर अजिबात सुई नाही. आजूबाजूला लाली पसरत चालली, पू दिसला, ताप आला किंवा पायावर लाल रेघ वर चढताना दिसली तर धाग्यावर विचारू नका, डॉक्टर गाठा. @माऊली, दोऱ्याबद्दल वर उगाच_पळणारा यांनी लिहिलंय तेच. दिंडीत निभावतं कारण शंभरातल्या नव्वदांचं निभावतं, उरलेल्या दहांचं नंतर माझ्यासारख्याकडे येतं.

आणि अजून एक, फोड उघडा असताना साचलेल्या पाण्यातून चालू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो तो अशाच जखमेतून शिरतो. चालावं लागलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, त्यावर गोळी असते.

---

सानपाडा_लोकल, दुपारी २.५०

डॉक्टर, मी पळत वगैरे नाही हो, पळते फक्त ठाण्याला दहा नंबरवरची वाशी पकडायला. पण ऑफिसच्या बुटांनी टाचेच्या वर, मागच्या बाजूला दर पावसाळ्यात फोड येतो, एकाच जागी. आता तिथे कडक गाठ झालीय, तिला काय करू?

---

दवाखाना_सुट्टीवर, दुपारी २.५८

ती गाठ म्हणजे जाड झालेली कातडी. भोवरी किंवा कुरूप समजून मेडिकलमधली कुरुपाची पट्टी लावू नका, त्यात ॲसिड असतं. बूट बदला. तो पायाला लहान नाही, टाचेला सैल आहे, म्हणून टाच आत वरखाली होते.

---

उगाच_पळणारा, दुपारी ३.३०

टाचेसाठी एक युक्ती. स्पोर्ट्स शूजला सगळ्यात वर घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ज्यात कोणीच नाडी घालत नाही. ती त्या भोकातून त्याच बाजूला घालून एक बारीक फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढून घ्यायची आणि मग गाठ. टाच अशी घट्ट बसते की बास. मी दहा वर्षं ते भोक हवा यायला आहे समजत होतो.

आता ताईंच्या शर्यतीच्या दिवसासाठी. महागडं काही घेऊ नका, मेडिकलमध्ये मायक्रोपोर मिळतो, कागदी, सलाइन लावल्यावर चिकटवतात तो. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या शर्यतीत १२८ धावपटूंवर तो वापरून बघितला, २०१६ साली छापून आलंय. प्रत्येकाच्या एकाच पायाच्या ठराविक जागी पट्टी, त्याच पायाचा बाकी भाग उघडा. पट्टी लावलेल्या जागी फोड ४० टक्क्यांनी कमी. फोड यायच्या आधी, कोरड्या पायाला, सुरकुती न पाडता एकच थर लावायचा.

---

माऊली_खारघर, दुपारी ४.०२

२५० किलोमीटर म्हणजे आळंदी-पंढरपूरच झालं की राव. स्टॅनफर्डवाल्यांना पुढच्या आषाढीला आमच्या दिंडीत पाठवा, १२८ काय, एका पंगतीत तेवढे पाय बसतात. पट्टी मात्र घेऊन जाईन या वेळी. मावशींना लावून बघतो, शिव्या खाल्ल्या तर इथे लिहीन.

---

निसर्गाकडे_चला, दुपारी ४.४०

मूळ रोग बूट आहे. आपले पूर्वज अनवाणी चालत होते, कोणाला फोड आले? मी रोज येऊरला अनवाणी चालतो.

---

घाटवाट_चुकलेला, दुपारी ४.५२

पूर्वजांना फोड आले नाहीत हे कोणी लिहून ठेवलंय? आणि येऊरला फुटलेल्या बाटल्या बघितल्या नाहीत का कधी.

---

सानपाडा_लोकल, दुपारी ५.१०

आमच्या पूर्वजांना कोल्हापुरी चावायची. आजोबा नवी चप्पल आणली की आठवडाभर रोज रात्री आतून खोबरेल चोळायचे आणि पहिले दोन दिवस फक्त देवळापर्यंत जायचे. नवीन बूट घालून थेट माहुलीला जायचे नाहीत.

---

घाटवाट_चुकलेला, दुपारी ५.१२

झालं, आता हे आयुष्यभर ऐकायचं.

---

नौपाडा_७१, रात्री ८.३०

चर्चा वाचली. मी या विषयावर लिहिणार नव्हतो, पण कोणीतरी लिहायला हवं.

मला एकोणीस वर्षांपासून मधुमेह आहे. रोज संध्याकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या हा माझा नेम. दोन वर्षांपूर्वी मुलाने वाढदिवसाला बूट दिले, चांगले होते, घालून गेलो. घरी आलो, मोजा काढला तर मोजा तांबडा. मला काहीच जाणवलं नव्हतं. करंगळीखाली फोड येऊन, फुटून, त्यावरून मी आणखी किती चाललो असेन देव जाणे. ती जखम भरायला अडीच महिने गेले, दिवसाआड ड्रेसिंग, घरातून खाली उतरायचं नाही, आणि बोट वाचलं हे नशीब असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. तुम्हा सर्वांना फोड दुखतो याचा त्रास आहे. मला तो दुखला नाही याचा झाला.

आता रोज रात्री सौ. भिंग घेऊन माझे तळवे बघतात. लग्नात पाय धुतले त्यानंतर आमच्या पायांकडे त्यांनी इतकं लक्ष आत्ताच दिलं.

---

दवाखाना_सुट्टीवर, रात्री ८.५५

काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. डायबेटिसवाल्यांनी घरी सुई नाही, पट्टी नाही, फोड दिसला की सरळ डॉक्टर. आणि बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा, खडा, शिवण, दुमडलेलं काही लागतं का बघायला. पायाला कळत नाही ते हाताला कळतं.

---

तळ्याकाठची, रात्री ९.२०

काका, अंगावर काटा आला. काळजी घ्या. काकूंना नमस्कार.

अपडेट: काल रात्रीपासून इतका ठणकत होता की संध्याकाळी डॉक्टरांनी लिहिलं तसंच केलं. सुई मी धरली, टॉर्च नवऱ्याने धरला, आणि पाणी आल्यावर चक्कर त्याला आली. सुई घाल आणि मोकळी हो म्हणणारा हाच. आता ठणका नाही. उद्यापासून सायकल, मुलाची आहे, गुडघे कानाला लागतात पण चालेल.

मोज्यांचं कोणीतरी सांगा. माझे सुती आहेत, स्टेशनबाहेरचे, शंभरला तीन जोड.

---

उगाच_पळणारा, रात्री ९.४५

सुती नको. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो, वर डॉक्टरांनी सांगितलं ते दमट काम. पॉलिस्टर-नायलॉनचे पातळ स्पोर्ट्सवाले घ्या. बोटाबोटांत फोड येणाऱ्यांसाठी पाच बोटांचे मोजेही मिळतात, दिसतात माकडासारखे पण काम करतात.

अवांतर: घामावर उपाय म्हणून अमेरिकेत लष्करी कॅडेटांच्या पायांना घाम रोखणारं औषध लावून २१ किलोमीटर चालवलं होतं, १९९८चा अभ्यास. फोड आले २१ टक्क्यांना, औषध नसलेलं नुसतंच द्रव लावलेल्यांमध्ये ४८ टक्क्यांना. पण औषधवाल्यांपैकी निम्म्याहून जास्तींच्या पायांना आग-खाज सुटली. मी एकदा डिओ मारून बघितला, फोडही आला आणि पायाला लॅव्हेंडरचा वासही.

---

पावशेर_चिवडा, रात्री ९.५०

घाम रोखणारं आणि वास मारणारं यात फरक असतो हो. डिओने घाम थांबत नाही, फक्त फोड सुगंधी होतो.

---

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री, रात्री १०.१५

आमची कन्या पिंपलवर ते पारदर्शक गोल स्टिकर लावते, त्यात हायड्रोकोलॉइडच असतं, फोडाच्या महागड्या पट्ट्यांमध्ये असतं तेच. मी तिचे दोन ढापून टाचेला लावले. पुरले नाहीत, आणि घरात भांडण झालं ते वेगळं.

---

घाटवाट_चुकलेला, गुरुवार सकाळी ७.४०

सगळे मोजे-पट्टी-अमेरिका करताहेत पण ताईंच्या मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट आहे तिचं उत्तर कोणीच दिलं नाही. बूट एप्रिलपासूनचे, पाच महिने चावले नाहीत, मग आत्ताच का? आणि उजव्याच पायाला का? मोजे तर दोन्ही पायांत सुतीच होते. घाम काय एकाच पायाला येतो?

गणपतीत विसर्जनाला अनवाणी चालला होतात का? की तळ्याला रोज एकाच दिशेने फेऱ्या मारता, रस्ता एका बाजूला कललेला असतो म्हणून?

---

तळ्याकाठची, सकाळी ८.०५

विसर्जनाला गेले होते पण त्याला दोन आठवडे झाले. फेऱ्या एकाच दिशेने खऱ्या, पण त्या एप्रिलपासून.

---

नौपाडा_७१, सकाळी ८.३०

ताई, बुटात हात घालून बघितलंत का?

---

तळ्याकाठची, सकाळी ८.५२

काका!!!

आत्ता घातला. उजव्या बुटात आतलं जे तळाचं काढता येणारं पॅड असतं ना, त्याची आतली कड वर वळलीय, सुकलेल्या पोळीसारखी. बरोब्बर फोडाच्या जागी. डाव्यातलं सपाट आहे.

आणि का वळलीय तेही कळलं. मागच्या आठवड्यात धो धो पावसात भिजून आले, बूट काही सुकेनात, दोन दिवस पंख्याखाली ठेवले तरी ओले, म्हणून पॅड काढून इस्त्री केली. हसू नका. डावं नीट झालं, उजव्याच्या वेळी आईचा फोन आला.

---

पावशेर_चिवडा, सकाळी ८.५३

आईने फोनवर काय सांगितलं, फोडू नकोस?

---

सानपाडा_लोकल, सकाळी ९.१०

हसत नाहीये, मी मोजे मायक्रोवेव्हमध्ये घातलेत एकदा. पॅड काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, सकाळपर्यंत सुकतात. इस्त्री, हेअर ड्रायर काही नको, गोंद सुटतो.

---

उगाच_पळणारा, सकाळी ९.३५

पॅड नवीन घ्या, ते सुटं मिळतं, जुन्याच्या मापाने कापून घ्या. बूट बदलू नका शर्यतीच्या तोंडावर. सोमवारी दोन किलोमीटर चालून बघा, बुधवारी चार पळा, मग रविवारपर्यंत आराम. आणि पट्टी दोन्ही पायांना.

---

तळ्याकाठची, पुढच्या रविवारी दुपारी १२.२०

मंडळी, झालं! दहा किलोमीटर, एक तास २३ मिनिटं, मध्ये एकदाही चालले नाही. नेरूळच्या सिग्नलनंतर पाऊस सुरू झाला, बूट परत चिंब, मला फक्त इस्त्री आठवत होती. उजव्या पायाला पट्टी लावली होती, जागेवर नवी गुलाबी कातडी आहे, काही म्हणजे काही झालं नाही. काका, तुमच्यामुळे. डॉक्टर, तुमच्यामुळे. नवरा शेवटच्या वळणावर वडापाव घेऊन उभा होता, तो त्यानेच खाल्ला.

एकच. डाव्याला पट्टी लावायचा कंटाळा केला. करंगळीला फोड आलाय, शेंगदाण्याएवढा.

---

उगाच_पळणारा, दुपारी १२.२४

अभिनंदन! दोन्ही पायांना म्हणालो होतो.

---

घाटवाट_चुकलेला, दुपारी १२.३१

जोरदार अभिनंदन ताई. लहान आहे, या वेळी खरंच फोडू नका.

---

माऊली_खारघर, दुपारी १२.४०

मावशींना विचारू का दोऱ्याचं?

---

पावशेर_चिवडा, दुपारी १२.४१

डाव्या पायाचा धागा वेगळा काढा, इथे फार गर्दी झालीय.